जुन्या रस्त्याचा इतिहास कसा लिहावा : साताऱ्याच्या राजपथाच्या निमित्ताने

साताऱ्यातील एखाद्या जुन्या वाड्यापुढे उभे राहून तो किती वर्षांचा आहे असे विचारले, तर ‘शिवकालीन आहे’ हे उत्तर हमखास मिळते. उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. त्याने ते वडिलांकडून ऐकलेले असते आणि वडिलांनी आजोबांकडून. परंतु शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये साताऱ्याचा किल्ला घेतला, तेव्हा आज आपण ज्यांना शहर म्हणतो त्या पेठा किल्ल्याखाली वसलेल्या नव्हत्या. १७०० मध्ये औरंगजेबाने दीर्घ वेढ्यानंतर किल्ला घेतला, पुढे तो पुन्हा मराठ्यांकडे आला, १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि १७४९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंतच्या काळात शाहूनगर, म्हणजे आजचे सातारा शहर, आकाराला आले. म्हणून पेठेतील वाडा सतराव्या शतकातला आहे असे लिहिणाऱ्यावर पुराव्याचा भार फार मोठा पडतो. रस्त्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने, वास्तू कोणत्या काळाच्या मागे जाऊच शकत नाही ही सीमा आधी आखून घ्यावी. निम्म्या दंतकथा तिथेच गळून पडतात.

दुसरी गोष्ट दिशेची. बहुतेक हौशी लेखन शाहू महाराजांपासून सुरू होते आणि आजच्या दुकानांपर्यंत पोहोचता पोहोचता दमते. मधली दीडशे वर्षे दोन परिच्छेदांत आटोपली जातात, आणि ज्यांची नावे त्यात येतात ती थोर माणसे नेमकी कोणत्या घरात राहत होती हे शेवटपर्यंत कळत नाही. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आज जागेवर जे उभे आहे तिथून सुरुवात करावी, एकेका मिळकतीचा धागा धरून मागे जावे, आणि जिथे कागद संपेल तिथे थांबून तसे लिहावे.

रस्त्याची निवड

संपूर्ण राजपथ एकदम हाती घेऊ नये. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जाणारा हा रस्ता, म्हणजे सातारकरांचा ‘वरचा रस्ता’, एका माणसाच्या आवाक्यातला नाही. मोती चौक ते देवी चौक किंवा कमानी हौदाच्या आसपासचा एक तुकडा घ्यावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची एकही इमारत न वगळता काम करावे. ‘महत्त्वाच्या’ इमारती तेवढ्या निवडण्याचा मोह सुरुवातीला टाळावा, कारण कोणती महत्त्वाची आहे हे कागद पाहिल्याशिवाय समजत नाही. दर्शनी भागाला काचा आणि ॲल्युमिनियम लावलेल्या दुकानामागे शाबूत चौक निघतो, आणि नक्षीदार सज्जा असलेले घर विसाव्या शतकातले ठरते.

तरीही संपूर्ण रस्त्याचा आराखडा मनात असावा लागतो. पश्चिमेच्या टोकाला छत्रपतींचा राजवाडा आहे. पूर्वेच्या टोकाला पोवई नाका, आणि त्याच्या पलीकडे इंग्रजी अमदानीत वाढलेला कॅम्प व सदर बझार. दक्षिणेकडे अजिंक्यतारा किल्ला असल्यामुळे त्या बाजूच्या गल्ल्या चढत जातात, तर उत्तरेकडचे बोळ उतरून खालच्या रस्त्याला मिळतात. हा उतार केवळ पायांना जाणवण्यापुरता नाही. जोत्यांची उंची, गटारांची दिशा आणि हौदांच्या जागा यांचे स्पष्टीकरण त्यातून मिळते.

पायी पाहणी

पाहणीसाठी सकाळची वेळ निवडावी. दुकाने उघडण्यापूर्वी ताडपत्र्या, फळ्या आणि बाहेर टांगलेला माल नसल्याने जोती दिसतात. गणेशोत्सवाचे आणि नवरात्राचे दिवस टाळावेत, कारण मांडवांमुळे निम्मा रस्ता झाकलेला असतो. जाडसर वहीच्या जोडपानावर रस्ता उभा काढून डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी अशी प्रत्येक इमारतीला चौकट द्यावी आणि तिला स्वतःचा तात्पुरता क्रमांक द्यावा. दुकानांच्या नावांवर विसंबू नये, पाट्या बदलतात.

जुन्या रस्त्यावर दर्शनी भाग हा बहुधा इमारतीचा सर्वांत नवा भाग असतो. धंद्यासाठी तळमजला फोडून शटर बसवलेले असते आणि वर फलक लागलेला असतो. म्हणून नजर पहिल्या मजल्यावर न्यावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजारच्या बोळात शिरून बाजूची भिंत पाहावी. बोळातल्या भिंतीवर कोणी खर्च केलेला नसतो. तिथे खाली घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर जुन्या पातळ विटा किंवा पांढऱ्या मातीचे काम, मध्येच बुजवलेली खिडकी, आणि एका ठिकाणी दगडाची ओळ अचानक तुटून सिमेंटचा गिलावा सुरू झालेला, असे थर एकावर एक दिसतात. ती तुटलेली ओळ नीट पाहावी. बहुतेक वेळा ती भावाभावांतील वाटणीची रेघ असते, आणि पुढे मिळकत पत्रिकेत तिचाच पुरावा सापडतो.

घरमालकांनी आत येऊ दिले, तर वाड्याची मोजणी फुटांबरोबरच खणांतही करावी. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. मूळ वाडा किती खणांचा होता आणि आज किती उरला आहे, यावरून गेलेल्या भागाचा अंदाज येतो. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर हा बाहेरून आत जाणारा क्रम कुठे मोडला आहे ते नोंदवावे. तुळया आणि कडीपाट एकाच लाकडाचे आहेत की मध्येच लोखंडी गर्डर घातला आहे, हेही पाहावे.

साहित्यावरून काळ ठरवताना सावधगिरी हवी. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये मंगळूरला निघाला, त्यामुळे तशी कौले असलेले छप्पर त्याआधीचे असू शकत नाही. कौल उलटे केले की कारखान्याचे नाव उठवलेले दिसते आणि कधी कधी साल. ते साल पुष्कळदा कारखान्याच्या स्थापनेचे असते, कौल भाजल्याचे नव्हे. १८६८ असे छापलेले कौल हे घर १८६८ चे असल्याचा पुरावा म्हणून मांडले गेले, तर ते तपासूनच स्वीकारावे. गर्डरवर टाटांचा शिक्का असेल तर तो १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद त्या वर्षापासून निघू लागले. आणि हे सारे दुरुस्तीचा काळ सांगते, मूळ बांधकामाचा नाही. छप्पर १९२० चे आणि जोते त्याच्या शंभर वर्षे आधीचे, हे साताऱ्यात अगदी नित्याचे आहे.

कागदांची वाट

पाहणीनंतर प्रत्येक चौकटीला नगर भूमापन क्रमांक जोडावा. ज्याला आपण रोजच्या बोलण्यात सिटी सर्व्हे नंबर म्हणतो तो हाच. भूमी अभिलेख कार्यालयातून त्या भागाच्या शीटची नक्कल घेतली की आपल्या वहीतल्या चौकटी आणि नकाशावरचे तुकडे जुळवता येतात. जिथे जुळत नाहीत ती घरे आधी तपासावीत. एकाच दर्शनी भागामागे तीन क्रमांक असतात किंवा तीन दुकानांचा मिळून एकच.

त्यानंतर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. ती वाचण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. वरच्या भागात क्रमांक, शीट, क्षेत्र आणि धारणाधिकार असतो. त्याखाली हक्काचा मूळ धारक आणि ते कोणत्या वर्षी ठरवले गेले याची नोंद असते. खालच्या तक्त्यात तारीख, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक आणि साक्षांकन असे रकाने असतात. घाईने वाचणारा केवळ नावे उतरवून घेतो. खरा इतिहास ‘व्यवहार’ या रकान्यात आहे. ‘वारसाने’ लागोपाठ दोनदा आले तर घर त्याच घराण्यात राहिले. ‘वाटपाने’ आले तर बोळातली ती तुटलेली भिंत आठवावी. ‘खरेदीने’ आले तर दस्ताचा क्रमांक टिपून ठेवावा. गहाणाचा बोजा चढून पुढे तो कमी झाल्याची नोंदच नसेल, तर घर हातचे गेल्याचा संशय घेऊन पुढचा धारक पाहावा. पत्रिका मूळ चौकशीच्या, म्हणजे मूळ धारक ठरवताना झालेल्या चौकशीच्या, मागे जात नाही. तिच्या मागे जायचे असेल तर त्याच कार्यालयातील चौकशी नोंदवही मागावी, कारण मूळ धारकाने आपला हक्क कोणत्या आधारावर सांगितला होता, याचा सारांश तिथे मिळण्याची शक्यता असते. माझ्या मते रस्त्याच्या इतिहासासाठी याहून उपयोगी आणि याहून दुर्लक्षित कागद नाही.

खरेदीखताच्या शोधासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जावे. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ आणि त्याच्या सूची कोणालाही फी भरून पाहता येतात. त्यासाठी मालकाचे नातेवाईक असावे लागत नाही. सूची क्रमांक २ मिळकतीनुसार लावलेली असल्याने आपल्या कामाची तीच. दस्त हाती आला की किमतीपेक्षा चतुःसीमा आधी वाचावी. जुन्या दस्तात रस्त्याचे नाव नसतेच. ‘पूर्वेस अमुक यांचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस तमुक यांचा परडा, उत्तरेस सरकारी रस्ता’ अशी भाषा असते. एका घराची पूर्वसीमा ही शेजारच्या घराच्या मालकाचे नाव सांगते, त्या मालकाच्या दस्ताची पूर्वसीमा त्यापुढच्या घराचे. अशा रीतीने लागून असलेल्या पाच-सहा मिळकतींचे एकाच काळातील दस्त मिळाले, तर त्या वर्षी रस्त्याच्या त्या बाजूला ओळीने कोण राहत होते याचा तक्ता तयार होतो, आणि ज्या घराचा स्वतःचा एकही कागद सापडला नाही त्याचाही मालक शेजाऱ्यांच्या कागदांतून मिळतो.

नगरपालिकेच्या घरपट्टीच्या आकारणी नोंदवह्या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतात. तिथे मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा किंवा वापरणारा) असे निरनिराळे रकाने असतात आणि मिळकतीचा वापर लिहिलेला असतो. वाडा कधी भाड्याने गेला, देवडीत दुकान कधी निघाले, वर छापखाना होता की वसतिगृह, हे आकारणी दर चार वर्षांनी बदलते त्या हिशेबाने पाहत गेल्यास सापडते. जुन्या वह्यांची अवस्था नाजूक असते, त्यामुळे पाने उलटताना बोट ओले करू नये आणि फोटो काढण्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेनासा झाला. वाडे का पडले याचे एक मोठे कारण भोगवटादारांच्या त्या लांबत गेलेल्या यादीत आहे.

इंग्रजी अमदानीच्या आधी जायचे तर पुण्याचे पुराभिलेखागार गाठावे लागते. सातारच्या छत्रपतींच्या दप्तराचे रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) तिथे आहेत आणि ते मोडीत आहेत. मोडी स्वतः शिकणे उत्तम. ते होईपर्यंत जाणकाराकडून वाचून घ्यावे, पण लिप्यंतर अक्षरशः करून मागावे, ‘सारांश असा’ म्हणून सांगितलेल्यावर भागवू नये. रुमाल मागवण्यापूर्वी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा जिल्ह्याचा खंड (१८८५) आणि गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले शाहू महाराजांच्या रोजनिशीतील उतारे घरी बसून वाचून काढावेत, म्हणजे काय मागायचे ते ठाऊक असते. गॅझेटियर मात्र सरकारी नजरेने लिहिलेला आहे, हे भान ठेवावे. रस्ते, तलाव आणि कचेऱ्या त्यात सविस्तर येतात; कारागिरांच्या आळ्या ओझरत्या.

जुन्या कागदातील सालाचे रूपांतर करताना घोटाळे फार होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघ-फाल्गुनातील बऱ्याचशा तिथींसाठी ७९. म्हणजे शके १७४६ चा चैत्र १८२४ मध्ये पडतो आणि त्याच शकाचा फाल्गुन १८२५ मध्ये. फसली सनात ५९० मिळवावेत. राज्याभिषेक शकाचे पहिले वर्ष १६७४ मध्ये सुरू झाले, म्हणून तिथे १६७३. सुहूर सन आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला असतो: ‘इहिदे अशरीन मयातैन व अलफ’ म्हणजे एक, वीस, दोनशे आणि हजार, एकूण १२२१, त्यात ५९९ मिळवले की १८२०, आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलत असल्याने कागद १८२० च्या उन्हाळ्याअखेरीपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा. महिना माहीत नसेल तर ‘१८२०-२१’ असेच लिहावे.

नावे आणि नामांतरे

रस्त्याचे आजचे नाव घेऊन जुन्या कागदांत शोध घेणे व्यर्थ असते. खालच्या रस्त्याला आज कर्मवीर पथ म्हणतात. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ मध्ये जन्मले, त्यांची रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये स्थापन झाली आणि १९२४ मध्ये तिचे मुख्य ठिकाण साताऱ्यात आले. त्याआधीच्या दस्तात हे नाव मिळणार नाही, हे उघड आहे. जुना दस्त पेठेच्या नावाने बोलतो. पेठांच्या नावांतही वारांची नावे, माणसांची नावे (सदाशिव, मल्हार, यादोगोपाळ) आणि ‘पुरा’ जोडलेली नावे अशा निरनिराळ्या तऱ्हा आहेत. दस्तात पेठ बदललेली दिसली तर घर हलले नसून हद्द बदलली, असे आधी गृहीत धरावे.

नामवंत वास्तू

राजवाड्याविषयी लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: वास्तू कोणी बांधली आणि नंतर तिचे काय झाले. इंग्रजांनी १८१८ मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले, १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले, त्यांच्यामागून गादीवर आलेले शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज १८४८ मध्ये वारले आणि दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झाले. या तीस वर्षांत राजवाड्याचा परिसर घडला, आणि त्यानंतर तिथे शाळा, कचेऱ्या, न्यायालये आली. वाचकाला पहिल्या भागाचे आकर्षण असते, परंतु रस्त्यावर परिणाम दुसऱ्या भागाचा झाला. दरबार गेला आणि कचेरी आली, की आसपास वकील, मुद्रांक विक्रेते, खाणावळी आणि बिऱ्हाडे येतात. आकारणी नोंदवहीत ‘भोगवटादार’ रकाना भरू लागतो तो यामुळे.

याच परिसरातील शाळा, आजचे प्रतापसिंह हायस्कूल, कागदाने वास्तूला कसे बांधून घ्यावे याचा उत्तम नमुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथे प्रवेश घेतला. हे नुसते सांगोवांगी राहिले नाही, कारण शाळेच्या नोंदवहीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद १९१४ या क्रमांकापुढे आहे. (हा नोंदणी क्रमांक आहे, सन नव्हे, उतारे करणारे इथे हमखास अडखळतात.) तारीख, संस्था, नोंदवही आणि क्रमांक या चारही गोष्टी हाती असल्यामुळे ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. आपल्या रस्त्यावर ‘इथे अमुक नेते राहत होते’ असे सांगितले गेले, तर इतकाच पक्का आधार मागावा आणि तो मिळेपर्यंत वाक्यात ‘असे सांगतात’ हे शब्द ठेवावेत.

वास्तू म्हणजे केवळ वाडे नव्हेत. कमानी हौद, पंचपाळी हौद ही नावे आता चौकांची म्हणून घेतली जातात, पण नळ घरोघर येण्यापूर्वी यवतेश्वर आणि महादरे यांच्या बाजूने उताराने येणारे पाणी शहराला पुरत असे. हौद कुठे आहे, त्याला पाणी कोणत्या बाजूने येई आणि भरायला कोणत्या गल्लीतील बायका येत, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर जातवार वस्तीपर्यंत नेते आणि ते टाळू नये.

माणसांशी बोलणे

कागद पाहून झाल्यावरच म्हाताऱ्या माणसांकडे जावे, आधी नव्हे. हातात नावे असली की आजोबांनाही आठवते. मिळकतीची चौकशी करणारा माणूस बिल्डरचा की नगरपालिकेचा, ही शंका सर्वांना येते, म्हणून ओळखीच्या माणसाबरोबर जावे आणि पहिल्या भेटीत वही काढू नये. सन विचारू नये, घटना विचारावी. ‘माडी भूकंपाच्या आधी उतरवली की नंतर?’ या प्रश्नाला बहुतेक वृद्ध ठाम उत्तर देतात, कारण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का कोणी विसरलेले नाही. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये जिल्ह्यात झालेली जाळपोळ हीही अशीच खूण आहे. परंतु तिच्याविषयी समोरच्याने विषय काढला तरच बोलावे आणि छापण्यापूर्वी पुन्हा विचारावे. लग्नाचे जुने फोटो आवर्जून पाहावेत. वरातीच्या मागे समोरच्या दुकानाची पाटी, गॅसबत्ती, लाकडी सज्जा अनायासे आलेला असतो, आणि लग्नाची तारीख घरातल्या बाईंना तोंडपाठ असते.

लेखन

प्रत्येक मिळकतीची नोंद एका पानात बसवावी: भूमापन क्रमांक, आजचे स्वरूप, सर्वांत जुना कागद आणि त्याचे साल, त्यापुढचे बदल. दगडावरून काढलेले अनुमान, कागदाचा आधार आणि ऐकीव माहिती यांसाठी वाक्यरचना वेगवेगळी ठेवावी, म्हणजे वाचकाला टीप न पाहताही फरक कळतो. जिवंत माणसांचे वाटणीचे दावे, बोजे आणि भाडेकरूंशी असलेली भांडणे कागदात दिसली तरी लिहू नयेत. नक्षीदार दरवाजे, हंड्या आणि कोरीव खांब कोणत्या घरात आहेत हे फोटोसह जाहीर करताना मालकांची संमती घ्यावी. जुन्या लाकडाचे व्यापारी असे लेखन फार बारकाईने वाचतात. मजकुराची एक छापील प्रत प्रत्येक घरमालकाला द्यावी आणि दुरुस्त्या सुचवण्यासाठी महिनाभराची मुदत ठेवावी. त्यानंतरची प्रत, नकलांच्या आणि फोटोंच्या संचासह, नगर वाचनालयात जमा करावी.